चरणजित सिंग यांना ‘जनक’ ठरवण्याची घाई

एआयने बनवलेल्या गाण्यांवरून सध्या वाद सुरू आहे. ज्या वादकांच्या कामावर ही यंत्रे पोसली गेली, त्यांचे श्रेय आणि मोबदला यांचे काय? मुंबईच्या सिनेसंगीतात हा प्रश्न एआयच्या कितीतरी आधीपासून आहे. चरणजित सिंग यांची कारकीर्द पाहा.

शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन यांच्या रेकॉर्डिंगमध्ये ते गिटार आणि की-बोर्ड वाजवत. शिवाय स्वतःचा ऑर्केस्ट्रा घेऊन लग्नसमारंभांत, मंचावर कार्यक्रम करत. गाणे घराघरांत पोचायचे, पण रेकॉर्डच्या कव्हरवर साथीच्या वादकांची नावे बहुधा नसायची.

१९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे एकत्र जोडली : बेससाठी टीबी-३०३, तालासाठी टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यावर भैरव, ललित, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींडेची आठवण यावी अशी. एचएमव्हीने काढलेली ही रेकॉर्ड फारशी खपली नाही.

खुद्द ३०३ सुद्धा बाजारात आपटले. मग ते सेकंडहँड स्वस्तात मिळू लागले आणि शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती आले. त्यांच्या ‘फ्यूचर’ या गटाच्या १९८७ च्या ‘ॲसिड ट्रॅक्स’मधून ॲसिड हाउस हा प्रकार रूढ झाला. पुढे २०१० मध्ये एका डच रेकॉर्डसंग्राहकाच्या खटपटीने सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली, आणि पाश्चात्त्य माध्यमांत ‘ॲसिड हाउसचा जन्म मुंबईत’ असा गाजावाजा झाला.

मला हे पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली होती, असे कुणी दाखवलेले नाही. एकच यंत्र दोन ठिकाणी, दोन कारणांनी वाजले. ‘जनक’ एकच हवा या हट्टापायी कृष्णवर्णीय तरुणांचे श्रेय काढून घेतले जाते (अमेरिकी संगीतात हे पहिल्यांदा घडत नाही), आणि सिंग यांची किंमत पाश्चात्त्य प्रकाराचे पूर्वज एवढीच उरते. स्टुडिओतली त्यांची वर्षानुवर्षांची मजुरी हिशेबात येतच नाही.

योगायोग असा की, हॉवर्ड बेकर या समाजशास्त्रज्ञाचे ‘आर्ट वर्ल्ड्स’ही १९८२ चेच. कला ही एकट्याची नसून अनेकांच्या श्रमांची निर्मिती असते, हे त्यात सविस्तर मांडले आहे. बेकर स्वतः शिकागोच्या क्लबांत पियानो वाजवत, म्हणजे साथीदाराचे जिणे त्यांनी जवळून पाहिलेले.

उतारवयात सिंग यांनी युरोपच्या मंचांवर हेच राग वाजवले. २०१५ मध्ये ते गेले. दरम्यान २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने, सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरात कलाकाराला रॉयल्टीचा हक्क दिला. गायकांनी संघटना करून तो मागायला सुरुवातही केली. साथीच्या वादकांची नावे मात्र स्ट्रीमिंग ॲपवर आजही सहसा सापडत नाहीत. ऑक्टोपॅड, की-बोर्ड वाजवणाऱ्या आपल्या मित्रांनी पुढच्या रेकॉर्डिंगला बसण्याआधी नाव आणि मानधन दोन्ही लेखी मागावे.