विश्लेषण : घरातलं आर्केड मशीन... पॅनल बदलता येतं, पण खेळ कुठून आणायचा?

नव्वदच्या दशकात शाळा सुटल्यावर ज्यांनी व्हिडिओ गेम पार्लर गाठलं, त्यांना 'मुस्तफा' वेगळा सांगावा लागत नाही. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. कॅपकॉम या जपानी कंपनीने तो १९९३ मध्ये आणला आणि त्यातल्या मुस्तफा या पात्रावरून भारतात त्याला हे नाव पडलं.

पार्लर गेली, पण जगभरातले हौशी लोक आता तशीच उभी मशीन घरात बांधतात. प्लायवूडचा सांगाडा, जुना मॉनिटर आणि एक लहानसा संगणक एवढ्यावर काम भागतं. खरा कस लागतो तो कंट्रोल पॅनल बनवताना. त्यावरही आता तोडगा निघालाय. पण त्यावर खेळायचा खेळ कायदेशीरपणे मिळवणं मात्र अजून अवघड आहे.

एकच जॉयस्टिक का पुरत नाही?

कारण आर्केडच्या सुवर्णकाळात प्रत्येक खेळाचं मशीन वेगळं होतं. 'पॅकमॅन'ला (१९८०) चार दिशांची एक जॉयस्टिक होती, बटण एकही नाही. 'मिसाइल कमांड'ला (१९८०) ट्रॅकबॉल, म्हणजे तळहाताने फिरवायचा गोळा. 'टेम्पेस्ट'ला (१९८१) गोल फिरणारी मूठ, 'रोबोट्रॉन'ला (१९८२) दोन जॉयस्टिक आणि 'स्ट्रीट फायटर २'ला (१९९१) आठ दिशांची जॉयस्टिक व सहा बटणं.

आठ दिशांच्या जॉयस्टिकवर 'पॅकमॅन' खेळून पाहिलं की फरक लगेच कळतो. वळताना हात जरा तिरका गेला तरी वळण चुकतं आणि भूत गाठतं.

१९८५ मध्ये जपानमधल्या आर्केड उद्योगाने 'जामा' नावाचं मानक आणलं. ५६ पिनांच्या एकाच जोडणीमुळे जुन्या मशीनमध्ये नवा खेळ बसवणं सोपं झालं. पण त्यात प्रत्येक खेळाडूला साधारण तीनच बटणं गृहीत धरलेली होती. म्हणूनच 'स्ट्रीट फायटर २'च्या लाथेच्या तीन बटणांसाठी वेगळी वायर ओढावी लागायची.

अदलाबदल नेमकी कशी होते?

पूर्वी हौशी मंडळी सगळी नियंत्रणं एकाच मोठ्या फळीवर बसवायची. पण अशा गर्दीत हात नीट टेकत नाहीत आणि भलतंच बटण दाबलं जातं.

आता मशीनच्या पुढच्या भागात ड्रॉवरसारखा एक खण ठेवतात. प्रत्येक पॅनल एकाच मापाचं असतं. ते खणात सरकवायचं, खालून कडी लावायची आणि यूएसबीची एक वायर जोडायची. प्रत्येक पॅनलखाली 'एन्कोडर' नावाचा छोटा सर्किट बोर्ड असतो. बटण दाबलं की तो संगणकाला ते कीबोर्डची कळ किंवा गेमपॅडचं बटण म्हणून कळवतो. ट्रॅकबॉल आणि फिरती मूठ संगणकाला माउससारखी दिसते.

चुका कुठे होतात?

पहिली चूक कडीची. खेळताना पॅनलवर बराच जोर पडतो, त्यामुळे कडी सैल राहिली की काही दिवसांतच पॅनल खडखडायला लागतं. दुसरी चूक एन्कोडरची. पॅनल काढून पुन्हा लावल्यावर संगणक पहिल्या खेळाडूला दुसरा समजू शकतो. कीबोर्डसारखं वागणाऱ्या एन्कोडरमध्ये हा घोळ होत नाही. पण आज विकत मिळणारे अनेक खेळ गेमपॅड गृहीत धरतात. त्यामुळे दोन्ही रूपांत चालणारा एन्कोडर घेणं शहाणपणाचं.

मग अडचण काय?

अडचण खेळाची. बहुतेक घरगुती मशीनमध्ये 'मेम' हे मोफत सॉफ्टवेअर असतं. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये ते सुरू केलं. जुन्या सर्किट बोर्डांचं वागणं ते संगणकावर हुबेहूब उभं करतं. पण मेमसोबत व्यावसायिक खेळ मिळत नाहीत. खेळाची फाइल वेगळी लागते आणि तिच्यावर कंपनीचा हक्क असतो.

'मुस्तफा'चंच पाहा. तो 'झेनोझोइक टेल्स' या अमेरिकन कॉमिकवर बेतलेला आहे, त्यामुळे त्यात कॅपकॉमखेरीज इतरांचेही हक्क येतात. कॅपकॉमने २०१८ मध्ये आपल्या सात जुन्या मारधाडीच्या खेळांचा संच विकायला काढला, त्यात 'मुस्तफा' नव्हता. मूळ बोर्ड मिळाला तरी तो बेभरवशाचाच. त्यावर एक बॅटरी असते. ती संपली की आतली सांकेतिक किल्ली पुसली जाते आणि दुरुस्ती होईपर्यंत खेळ बंद.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत कंपनीने केलेल्या अशा कृतीला प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण मिळतं. त्या हिशेबाने १९९३ चा खेळ २०८८ सरेपर्यंत मुक्त होणार नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत.

संशोधकांना असे खेळ ग्रंथालयाबाहेरून पाहता यावेत, अशी मागणी होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ती फेटाळली. लोक संशोधनाच्या नावाखाली मौजेसाठी खेळतील आणि जुन्या खेळांच्या बाजाराला धक्का बसेल, असा गेम उद्योगाचा आक्षेप होता. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला सुरक्षिततेसाठी जादा प्रत करता येते. पण इंटरनेटवरून कुणाचीही फाइल उतरवून घेण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

मग मार्ग कोणता?

विकत मिळतात ते खेळ विकत घ्यावेत. 'कॅपकॉम आर्केड स्टेडियम'सारखे संच संगणकावर चालतात आणि घरच्या पॅनलवर खेळता येतात. मशीन बांधण्यात, मूळ मापाचं पॅनल बनवण्यात कायद्याची आडकाठी नाही. राहिला प्रश्न बाजारात नसलेल्या खेळांचा. कंपनी विकत नाही आणि कायदा जतन करणाऱ्यांनाही पुरेशी वाट देत नाही. तोवर मुस्तफासाठी नेमकं दोन बटणांचं पॅनल बनवता येईल, पण त्यावर खेळायला 'मुस्तफा' रीतसर विकत मिळणार नाही.