‘फर्स्ट कॉपी’ची प्रतिष्ठा

नकली घड्याळांची तरफदारी करणारा एक सुशिक्षित वर्ग आपल्यांत निर्माण झाला आहे आणि त्याची बोलण्याची तऱ्हा मोठी ठसकेबाज आहे. “दहा लाखांचें स्विस घड्याळ म्हणजे निव्वळ नांवाची किंमत. तेंच रूप चार हजारांत मिळत असतां न घेणारा शहाणा कसला?” असा प्रश्न टाकून ही मंडळी मनगट पुढें करितात. एक शब्दही त्यांनीं प्रतिष्ठित करून घेतला आहे. खोटें घड्याळ असें कोणी म्हणत नाहीं. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात. जणूं लबाडींतही पहिला वर्ग, दुसरा वर्ग असून कोठें तरी परीक्षकमंडळ गुण देत बसलें आहे!

स्विस पेढ्यांच्या नफ्यासाठीं आम्हांस अश्रू ढाळावयाचे नाहींत. त्या दहा लाखांतले पुष्कळसे रुपये जाहिरातीचे आणि दुकानांतल्या गालिच्याचे असतात, हें आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. नकली घड्याळांचें बाह्य रूप तेवढें एक असतें. आंतून प्रत्येक नग वेगळा. आणि हा वेगळेपणा कारागिराच्या चुकीनें येत नाहीं, त्या धंद्याच्या स्वभावांतूनच येतो.

आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला आमचा मुंबईचा भाचा आला, तेव्हां त्यानें एकाच दुकानांतून, एकाच दिवशीं, एकाच किमतीला घेतलेलीं दोन घड्याळें आणलीं. एक आमच्यासाठीं, एक आमच्या धाकट्या बंधूंसाठीं. “मामा, खोटें म्हणून ओळखून दाखवा!” असें वर आव्हान. तबकडीवर स्वित्झर्लंडमधील एका पेढीचें नांव होतें. तें येथें देत नाहीं, कारण या प्रकरणांत तिचा कांहीं अपराध नाहीं. आठ दिवस दोन्ही घड्याळें शेजारीं ठेवून पाहिलीं. आमचें दिवसाला चाळीस सेकंद मागें पडे. बंधूंचें तीन मिनिटें पुढें धांवे. आमच्या घड्याळांत तारखेचा आंकडा भिंगाखालीं डावीकडे कलंडलेला. त्यांच्यांत आंकडा सरळ, पण फिरत्या कड्यावरचा त्रिकोण बाराच्या खुणेशीं जुळेना. आमचा तासकाटा तिनावर नेमका येई, तेव्हां मिनिटकाटा बारा ओलांडून दोन मिनिटें पुढें गेलेला असे. त्यांच्या काचेखालीं धुळीचा एक कण होता. घड्याळ हलविलें कीं तोही स्थलांतर करी.

हें असें कां होतें, तें पाहण्यासारखें आहे. आजच्या पुष्कळशा यांत्रिक घड्याळांत आंतलें चाक तासाला २८,८०० ठोके देतें, म्हणजे सेकंदाला आठ. दिवसाचे सेकंद ८६,४००. चारशें ऐंशीं भागांत एका भागाची चूक झाली कीं दिवसाचीं तीन मिनिटें गेलीं. एवढ्या बारकाव्यावर ताबा ठेवावयाचा तर जुळणीपेक्षां तपासणी महाग पडते. स्वित्झर्लंडमध्यें ज्या यंत्रांना अधिकृत प्रमाणपत्र हवें असतें, तीं पंधरा दिवस, पांच निरनिराळ्या स्थितींत आणि तीन तपमानांत ठेवून पाहतात. सरासरी चूक दिवसाला चार सेकंद मागें किंवा सहा सेकंद पुढें, याहून अधिक झाली कीं यंत्र नापास. परीक्षा म्हणजे नापास करण्याची तयारी. नकली माल करणारानें ही तयारी कां ठेवावी? नापास केलेला नग त्यानें टाकून दिला तर पैसे त्याचे जातात; विकला तर गिऱ्हाइकाचे. आणि गिऱ्हाईक परत येत नाहीं. येऊन सांगणार काय? ‘मला खोटें घड्याळ पाहिजे होतें, तें पुरेसें खरें निघालें नाहीं’ असें? १९९९ चा व्यापारचिन्हांचा कायदा असा माल विकणारास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. तेव्हां विकणारा पावती देत नाहीं आणि घेणारा मागत नाहीं. मालाची शेवटची तपासणी अशा रीतीनें गिऱ्हाइकाच्या मनगटावर होते, तीही त्याच्याच खर्चानें. ‘फर्स्ट कॉपी’ चांगली निघाली असें जेव्हां कोणी सांगतो, तेव्हां तो मालाची तारीफ करीत नसून आपल्या नशिबाची करीत असतो.

नांवाचा खोटेपणा एक वेळ पोकळ ऐट म्हणून सोडून देऊं. पण त्याच तबकडीवर ‘३०० मीटर’ असाही एक आंकडा छापलेला असतो. तो ऐटीचा नाहीं, वचनाचा आहे. समुद्रांत दहा मीटर खालीं गेलें कीं दाब दुप्पट होतो, आणि तो अडवावयास घड्याळांत असतात त्या रबराच्या दोनतीन बारीक कड्या. त्या बाहेरून दिसत नाहींत, म्हणून नक्कल करणाराचें त्यांच्याकडे लक्ष नसतें. तारकर्लीस पर्यटकांना पाण्याखालीं नेणाऱ्या एका तरुणाच्या हातांत आम्हीं असेंच घड्याळ पाहिलें. कड्याचा त्रिकोण मिनिटकाट्याशीं लावून आपण पाण्याखालचा वेळ मोजतों, असें त्यानें अभिमानानें सांगितलें. त्या कड्याचा उपयोग तोच आहे. आम्हीं सहज बोट लावलें तों तें दोन्ही बाजूंस सैल फिरलें. खऱ्या घड्याळांत तें एकाच बाजूस फिरतें, तें यासाठीं कीं चुकून धक्का लागला तरी उरलेला वेळ कमी दिसावा, जास्त दिसूं नये. त्या तरुणास आम्हीं हें सांगितलें. तो हंसला. त्याचें हंसणें आम्हांस अजून आठवतें.

आमच्या घड्याळास समुद्राची गरजच पडली नाहीं. मृगाच्या पहिल्याच पावसांत काचेखालीं धुकें जमलें आणि आंत कांहीं तरी खुळखुळूं लागलें. मालवणच्या बाजारांतील एका वृद्ध घड्याळजींनीं मागचें झांकण उघडलें, डोळ्याला भिंग लावलें आणि म्हणाले, “भाऊ, ह्येच्यात तेलाचो थेंब सुदीक नाय.” चावीजवळची रबराची कडी बसवितांनाच चिरडलेली होती. आंतल्या फिरत्या वजनाचा स्क्रू सुटून चाकांत हिंडत होता. एचएमटीचीं घड्याळें मात्र ते अजून दुरुस्त करितात. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें १९६१ त बंगळूरास निघालेला तो कारखाना. त्याच्या घड्याळांचा धंदा बंद करण्याचा निर्णय सरकारनें २०१६ त घेतला, तरी त्याच्या ‘जनता’ घड्याळाचे सुटे भाग या म्हाताऱ्याच्या डब्यांत आहेत, आणि एकाचा भाग दुसऱ्यास बसतो. गरिबाची हौस म्हणून नकलेची कड घेणारांनीं हें लक्षांत घ्यावें. गरिबाला घड्याळ मिळालें होतें, आणि तें स्वतःच्या नांवाचें होतें.

यावर असें म्हणतात कीं नकला आतां इतक्या सुधारल्या आहेत कीं जाणकारही फसतो. असेल. मग तर ही गोष्ट अधिकच वाईट! ज्याचा हात एवढा तयार, त्या चिनी कारागिरानें जन्मभर दुसऱ्याचें नांव कां कोरावें? तिआंजिनच्या सी-गल कारखान्यानें स्विस यंत्रसामग्री रीतसर विकत घेऊन सेकंदमापक घड्याळ बनविलें, आणि तें यंत्र आज सी-गल याच नांवानें जगभर विकलें जातें. शिकणें निराळें, सोंग निराळें. आमच्या सावंतवाडीचे चितारी लांकडाचा आंबा इतका हुबेहूब रंगवितात कीं पाहुण्याचें लहान मूल त्याला दांत लावतें. पण तो खाण्याचा म्हणून कोणी चिताऱ्यानें विकलेला नाहीं.

आंब्याचें नांव निघालें म्हणून सांगतों. हापुसाला २०१८ त भौगोलिक मानांकन मिळालें. तरी कर्नाटकाचा आंबा देवगडच्या पेटींत शिरून मुंबईस विकला जातो, म्हणून आमचे बागायतदार दर हंगामांत ओरड करितात, आणि ती ओरड रास्त आहे. देवगडच्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेला २०२५ च्या हंगामांत फळागणिक क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याची पाळी आली. कर्नाटकाचा आंबा वाईट असतो असें नाहीं. पण देवगडच्या पेटींतून आंबट फळ निघालें तर शिव्या देवगडला बसतात. हें दुःख ज्या बागायतदारानें आम्हांस तासभर ऐकविलें, त्याच्या मनगटावर काय होतें, तें वाचकांनीं ओळखलेंच असेल. आम्हीं त्याला विचारलें. तो म्हणाला, “ता येगळा.” वेगळें कसें, तें सांगावयास तो थांबला नाहीं.

घड्याळजींना आम्हीं म्हटलें, दुरुस्त होत नसेल तर निदान सुट्या भागांसाठीं ठेवून घ्या. त्यांनीं मान हलविली. याचा एक भाग याच जातीच्या दुसऱ्या घड्याळास बसेल याचा नेम नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें. स्क्रू निराळ्या पुडींत बांधून त्यांनीं सर्व परत केलें आणि पैसे घेतले नाहींत. बंधूंचें घड्याळ मात्र अजून चालतें. रोज सकाळीं तें तीन मिनिटें मागें करून ते कचेरींत जातात.