संरक्षणाची स्वस्त साधने

कापसाची रोकड घेऊन रात्री घरी परतणाऱ्या धरणगावच्या व्यापाऱ्यास कमरेला पिस्तूल असावे असे वाटले, तर आम्हांस त्यात नवल वाटत नाही. अडते ते पैशापाशी. सरकारी आयुध कारखान्याचे बत्तीस बोअरचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर, अवघ्या अर्ध्या किलो वजनाचे, २०१४ साली निघाले तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती.

मग नजर सातपुड्याकडे वळते. चोपडा तालुक्याच्या सीमेवरील उमर्टीच्या बाजूने येणारे गावठी कट्टे पोलिसांनी वारंवार पकडले आहेत. कट्टा स्वस्त खरा. पण त्याची नळी दाबाच्या कसोटीस कधी उतरलेली नसते. बार चोरावर उडेल की धन्याच्याच हातात फुटेल, हे तो घडविणाराही सांगू शकणार नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्रास दोन ते पाच वर्षांची कैद आहे. चोरापासून वाचलेली रोकड वकिलाच्या पेटीत जायची! रीतसर परवाना काढला, तरी निवडणूक आली की ते शस्त्र बहुधा ठाण्यात जमा.

बेताच्या ऐपतीच्या माणसाने या फंदात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याने रोकड कमी बाळगावी, व्यवहार बँकेतून करावा. मात्र मुलखाच्या बंदोबस्तासाठी १८२५ साली आउटरामने भिल्ल पलटणीचे ठाणे ज्या धरणगावी घातले, तेथे आज हंगामात रात्रीची गस्त किती वेळा फिरते, याचे उत्तर पोलीस खात्याने द्यावे.