जाहिरात आणि सल्ला यांतील भेद

पूर्वी जाहिरात आपली ओळख लपवीत नसे. बाजारपेठेतील भिंतीवर रंगविलेले खताचे पोते असो, अथवा १९६७ साली विविध भारतीवर सुरू झालेल्या व्यापारी जाहिराती असोत, कोणीतरी आपला माल विकावयास आला आहे हे पाहणाऱ्यास व ऐकणाऱ्यास तत्काळ कळे. आज मोबाईलवर येणारी जाहिरात मात्र शेतकऱ्याने स्वतः विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होऊन येते. हा फरक लहान नाही. विक्रेत्याच्या बोलण्याकडे मनुष्य सावधपणे पाहतो, उत्तराकडे मात्र विश्वासाने पाहतो. या विश्वासाची किंमत कधी औषधाचा वाया गेलेला खर्च, तर कधी हातचा गेलेला हंगाम एवढी असू शकते.

जागा विकत मिळते

ही व्यवस्था चालते कशी, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. कपाशीच्या फुलात अळी दिसताच शेतकरी ‘गुलाबी बोंडअळीवर उपाय’ असे शब्द गूगलवर शोधतो. अशा शब्दांवर आपले नाव दिसावे म्हणून कंपन्या आधीच बोली लावून ठेवतात. शोध घेताच क्षणार्धात लिलाव होतो. बोलीची रक्कम आणि जाहिरात त्या शोधाशी कितपत जुळते, या गोष्टी पाहून जागा ठरते व शेतकऱ्याने त्या जाहिरातीवर बोट ठेवले की कंपनीस पैसे पडतात. बाजार समितीच्या लिलावात माल डोळ्यांसमोर असतो. येथे लिलाव होतो तो शेतकऱ्याच्या लक्षाचा. अशा जागेवर ‘प्रायोजित’ हा शब्द असतो, परंतु घाईत तो नजरेतून सुटतो.

याखेरीज, शेतकरी जे शब्द शोधतात तेच मथळ्यात घालून कंपन्या लेख लिहवून घेतात. लेखाचा प्रारंभ किडीच्या जीवनक्रमाने होतो आणि शेवट एका विशिष्ट बाटलीच्या नावाने.

फेसबुक, इन्स्टाग्राम व यूट्यूब यांची रीत निराळी आहे. तेथे न विचारताही जाहिरात समोर येते. वय, भाषा, ठिकाण व आवड पाहून कोणास काय दाखवावयाचे हे ठरविता येते. द्राक्षाच्या एखाद्या टॉनिकची चित्रफीत बागाईतदाराने दोनदा पाहिली की तशाच चित्रफिती त्याच्यापुढे येत राहतात व ‘सर्वजण हेच वापरतात’ असा त्याचा समज होतो. त्यात बोलणारा शेतकरीच असला तरी त्याने मोबदला घेतलेला असू शकतो. असा संबंध उघड करावा, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दहा लाख रुपयांपर्यंत व पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु दंड झाला तरी गेलेला हंगाम परत येत नाही.

उत्तराची सुरुवात कोठून?

जाहिरात करणे हा गुन्हा नव्हे. उत्तम वाणाची किंवा नव्या औषधाची वार्ताही शेतकऱ्यापर्यंत पोहोचलीच पाहिजे. दोष आहे तो पहिल्या जागेस गुणवत्तेचा दाखला समजण्यात. सल्ला व जाहिरात ओळखण्याची एक साधी खूण आहे. जाहिरात बाटलीपासून सुरू होते, सल्ला मोजणीपासून सुरू होतो. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत, सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, अथवा दहा टक्के फुले किंवा बोंडे कीडग्रस्त आढळली, तरच फवारणीचा विचार करावा, हा सल्ला होय. ‘आजच फवारा’ ही जाहिरात होय.

अनाठायी फवारणीत केवळ पैसाच जातो असे नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. तो दोष मोबाईलवरील जाहिरातीचा होता असे नव्हे. परंतु औषधाची निवड किती गंभीर गोष्ट आहे, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

म्हणून खरेदीपूर्वी लेबल वाचावे. कीटकनाशक असल्यास नोंदणी क्रमांक, मुदत, विषाची तीव्रता दर्शविणारा रंगीत त्रिकोण आणि ते कोणत्या पिकावरील कोणत्या किडीसाठी मंजूर आहे, हे पाहावे. बियाण्याच्या पिशवीवरील लॉट क्रमांक व उगवणशक्ती पाहावी. जैव-उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत, तेव्हा टॉनिक म्हणून विकला जाणारा मालही याच कसोटीस लावावा. पक्की पावती घ्यावी व हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी. शंका असल्यास कृषी विज्ञान केंद्रास अथवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विचारावे.

कार्यकर्त्याची जबाबदारी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. गावाच्या व्हॉट्सॲप गटात कंपनीची चित्रफीत पुढे पाठविणे त्यांस किरकोळ वाटत असेल. परंतु त्यांच्या नावाने गेलेली जाहिरात गावात शासनाची शिफारस समजली जाते. कंपनीला लाखो रुपये खर्चून जो विश्वास मिळत नाही, तो येथे तिला फुकट मिळतो. कृषी विद्यापीठाची शिफारस नसलेले काहीही कार्यकर्त्याने पुढे पाठवू नये, हा नियम प्रत्येकाने स्वतःस घालून घेणे इष्ट आहे.

हीच साधने शेतकऱ्यासही खुली आहेत. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बागाईतदार मोबाईलवरून थेट पुण्या-मुंबईच्या घरी पेटी पाठवू शकतो. परंतु बाहेरचा आंबा हापूस म्हणून एकाने विकला, तर नाव सर्वांचे जाते. जो खरेपणा शेतकरी कंपनीकडून मागतो, तोच त्याने स्वतःच्या पेटीवरही लिहावा.

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासून पाहणारा शेतकरी शहाणा समजला जातो. मोबाईलवर आलेले उत्तरही त्याच शहाणपणाने, तपासल्यावाचून शेतात नेऊ नये.