रिकामी कुंडी फेकू नका

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात इंदूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. ख्यालीखुशाली काही नाही, एकदम म्हणाली, "अक्का, नेलसंपिगे गेली बघ. कुंडी रिकामी झालीय. पान नाही, देठ नाही, काहीच नाही. माती ओतून त्यात मोगरा लावू का?"

मी म्हटलं, "हात लावू नकोस. कुंडी आहे तशी जिन्याखाली सरकवून ठेव आणि पाण्याचा एक थेंब घालू नकोस."

"अगं, पण आत काही शिल्लक आहे का, ते तरी उकरून बघू दे."

"तेच करायचं नाही. एवढं माझं ऐक."

एवढ्या करड्या आवाजात मी तिच्याशी सहसा बोलत नाही. पण कारण तसंच होतं. आमच्या आईच्या परसातली ती शेवटची कुंडी होती.

मराठीत भुईचाफा, कन्नडमध्ये नेलसंपिगे. नेल म्हणजे भुई आणि संपिगे म्हणजे चाफा. दोन्ही भाषांनी या फुलाकडे पाहून अगदी एकच नाव ठेवलं आहे. आमच्याकडे ते आलं भिंतीपलीकडच्या कन्नड अज्जींकडून. आईने वाटीभर लोणचं दिलं, अज्जींनी पदरातून चार गड्डे दिले. पहिल्याच थंडीत सगळी पानं वाळून गेली, तेव्हा आई घाबरून त्यांच्याकडे गेली होती. अज्जी हसून म्हणाल्या होत्या, "मलगैती, एब्बिसब्याड." झोपलंय ते, उठवू नका. पुढे वर्षानुवर्षे ते झाड परसात राहिलं. आई गेल्यावर घर बिल्डरला दिलं. आता त्या परसाच्या जागी गाड्या लागतात. घर रिकामं करताना मी सगळे गड्डे काढले, निम्मे मला आणि निम्मे बहिणीला. माझे गड्डे घराला रंग देताना गेले. रंगाऱ्याच्या पोरांनी 'रिकाम्या' कुंड्या गच्चीच्या कोपऱ्यात उलट्या केल्या आणि वरची माती केरात गेली. चूक त्यांची नव्हतीच. कुंडी रिकामीच दिसत होती, आणि तिच्यावर चिठ्ठी लावायला मी विसरले होते.

गड्डा म्हणजे शिदोरी

आपण गड्डा म्हणतो, कन्नडमध्ये गेड्डे म्हणतात. आपल्या भागात तर कांद्यालाही उळ्ळागड्डी म्हणतात. पण सगळे गड्डे एका जातीचे नसतात. कांदा म्हणजे पाकळ्यांवर पाकळ्या गुंडाळलेला कंद. सुरण भरीव. आलं आणि हळद म्हणजे जमिनीखाली आडवं पसरणारं खोड. भुईचाफा या आल्या-हळदीच्याच घराण्यातला. त्याच्या खोडाला खाली मुळ्या फुटतात आणि त्यांना गोल गाठी लोंबतात. त्या गाठी म्हणजे त्याची शिदोरी.

ही शिदोरी कशासाठी? आपल्या उष्ण प्रदेशात चार महिने पाऊस आणि पुढे दीर्घ कोरडा काळ. पावसात पानं अन्न तयार करतात आणि ते खाली साठवतात. पाऊस संपला की झाड वरचा सगळा पसारा सोडून देतं आणि खाली झोपी जातं. त्या काळात त्याला पानं नाहीत, म्हणून पाणी उडून जात नाही, आणि मुळंही पाणी ओढत नाहीत. आपण पाणी घातलं तर ते मातीत तसंच राहतं आणि गड्डा कुजतो. कंदाची झाडं घरात तहानेने मरतात त्यापेक्षा कितीतरी अधिक आपल्या प्रेमाने मरतात.

इंदूरचं गणित वेगळं

बहिणीला मी याआधी दोनदा गड्डे पाठवले होते. पहिल्या वर्षी तिने ते कंपाउंडमधल्या जमिनीत लावले. बेळगावला आपली तांबडी माती. पाणी पडलं की झिरपून जातं. माळव्यात काळी कापसाची जमीन. पावसात फुगते, पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. ऑगस्टमध्ये गड्डे काढून पाहिले, तर हाताला चिखल आणि नाकाला वास.

दुसऱ्या वर्षी तिने कुंडीत लावले. पानं सुरेख आली, वरून हिरवी-रुपेरी, खालून जांभळी. दिवाळीनंतर पिवळी पडली, तर तिला वाटलं पाणी कमी पडतंय. तुळस, गुलाब, शेवंती यांच्याबरोबर तिलाही रोज सकाळी तांब्याभर पाणी. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, आपलं बेळगाव सुमारे ७५० मीटरवर. उंचीवरून वाटेल, थंडी बेळगावला जास्त. पण इंदूर उत्तरेला, समुद्रापासून लांब. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली सहज जातो. गार आणि ओली माती, म्हणजे उष्ण प्रदेशातल्या कंदाला दुहेरी मार.

आणखी एक फरक. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव पडतो, त्या पाण्याने गड्डे जागे होतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस सुरू होतो. इंदूरला मे महिना रखरखीत, पारा ४० अंशांवर, आणि पाऊस जूनच्या उत्तरार्धाकडे. म्हणून माहेरच्या तारखा सासरी लावून चालत नाहीत. बहिणीला हे समजायला दोन वर्षं लागली. खरं सांगायचं तर मलाही. कारण फोनवरून सूचना देणारी मीच होते.

खत मात्र इंदूरचंच

तिसऱ्या खेपेला आम्ही मातीपासून सुरुवात केली. एक भाग माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग पूर्ण मुरलेलं कंपोस्ट. कुंडीच्या भोकांवर खापरीचे तुकडे.

या कंपोस्टच्या बाबतीत इंदूरला मोठा मान आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' या संस्थेत होते. होळकर दरबाराने संस्थेला जमीन दिली होती. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी वरखाली करायचे. साधारण तीन महिन्यांत खत तयार. आपल्या शेतकऱ्यांच्या आणि चिनी शेतकऱ्यांच्या जुन्या अनुभवाला त्यांनी शास्त्राची शिस्त लावली. या पद्धतीचं नाव जगभर 'इंदूर पद्धत' असंच आहे. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर सहलेखक म्हणून नाव आहे यशवंत वाड यांचं. त्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे.

२०१७ पासून इंदूरने स्वच्छतेत सलग अनेक वर्षं देशात पहिला नंबर घेतला. ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय तिथे घराघरांत आहे. बहिणीच्या गच्चीवरही ओल्या कचऱ्याचा ड्रम आहे. फक्त एक जपावं. कंदाला खत घालायचं ते काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं. अर्धवट कुजलेलं किंवा ताजं शेण घातलं, तर खताबरोबर गड्डाही कुजतो.

कळलावी: देखणी, पण जपून

भुईचाफा जमला की हौस वाढते आणि मग नजर कळलावीकडे जाते. अग्निशिखा, खड्यानाग ही तिचीच नावं. कन्नडमध्ये अग्निशिखे. लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्या, आणि पानाचं टोकच आकड्यासारखं वळून आधार धरतं. गौरी-गणपतीच्या सुमारास फुलते, म्हणून कोकणात तिला गौरीचे हात म्हणतात. तमिळनाडूचं हे राज्यफूल आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल.

तिचा गड्डा नांगराच्या फाळासारखा दुफाटा असतो. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते यामुळेच. कोंब फुटतो तो फाट्याच्या टोकाला. टोक मोडलं की तो फाटा गेला, म्हणून पार्सलने मागवताना आणि हाताळताना अंड्यासारखा जपायचा. दोन-तीन इंच खोल, आडवा ठेवायचा. वर चढायला काठी किंवा सुतळी आधीच बांधून ठेवायची. नंतर काठी खुपसली, तर नेमकी गड्ड्यात जाते. बियांपासूनही येते, पण फुलासाठी काही वर्षं थांबावं लागतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. ही वेल सबंध विषारी आहे आणि गड्डा सर्वांत जास्त. तिच्यात कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं. गाऊटवर ते मोजून औषध म्हणून देतात, त्यासाठी तमिळनाडूत बियांकरिता तिची शेतीही होते. पण थोड्याशाच जादा प्रमाणात ते जीव घेतं. गड्डा रताळ्यासारखा दिसतो आणि तो समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. म्हणून तो स्वयंपाकघरात, कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नका. हातमोजे घाला, डब्यावर मराठीत आणि कन्नडमध्येही 'विष' असं लिहा. आपल्या घरांत अज्जी एक भाषा वाचते आणि नातू दुसरी, म्हणून दोन्ही हव्यात. बाळंतपणाच्या कळा आणणारी म्हणून तिला कळलावी म्हणतात, पण तो घरगुती प्रयोग कोणी सुचवला तरी कानावर घेऊ नका. चुकून पोटात गेलंच, तर उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात. तोवर माणूस ठणठणीत दिसतो. वाट न बघता दवाखाना गाठा आणि वेलीचा तुकडा पिशवीतून बरोबर न्या. ज्या घरात रांगतं मूल आहे, त्यांनी ही हौस चार-पाच वर्षं लांबणीवर टाकावी. बहिणीकडे दीड वर्षाची नात आहे. तिने मागितलेला कळलावीचा गड्डा मी दिला नाही.

केशराची खोली आणि आपली कुंडी

२०२४ साली इंदूरच्या एका शेतकऱ्याने घरातल्या खोलीत केशर फुलवल्याची बातमी गाजली. काश्मीरच्या पांपोरहून कंद आणले, मातीशिवाय ट्रेमध्ये ठेवले आणि खोलीत यंत्राने काश्मीरची थंडी आणि दमट हवा तयार केली. बहिणीने ती बातमी मला पाठवली आणि खाली लिहिलं, "लोक बघ काय काय करतात, मला एक नेलसंपिगे जमेना."

मी तिला कळवलं, केशर थंड हवेचं. त्याला इंदुरात आणायचं तर हवा बदलावी लागते, खर्च करावा लागतो. आपली झाडं उष्ण प्रदेशातलीच. त्यांना यंत्र नको. आपण करायचं ते एवढंच, की ठरावीक महिन्यांत काही करायचं नाही. पण घरातल्या कर्त्या बाईला हेच फार अवघड जातं. उपाशी दिसणाऱ्याला वाढायचं नाही, हे आपल्या हाताला माहीतच नसतं.

ध्यानात ठेवा

पानं पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करा. हिरवं पान कापू नका, ते शेवटपर्यंत गड्डा भरत असतं. पान पूर्ण वाळल्यावर पाणी बंद.

कुंडी कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा. इंदूरसारख्या थंडीत घराच्या आत. वर ठळक चिठ्ठी लावा: 'आत झाड आहे.'

वरचेवर उकरून पाहू नका. शंका आलीच, तर एकदाच बोटाने चाचपा. घट्ट लागलं तर जिवंत, मऊ लागून वास आला तर गेलं.

कोंब किंवा कळी दिसली की थोडं थोडं पाणी सुरू करा. पानं उघडली की मग सढळ हाताने. भुईचाफ्याला सकाळचं कोवळं ऊन पुरे, दुपारच्या उन्हात पानं करपतात.

आणि ती कुंडी

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलमध्ये दर रविवारी फोनवर एकच प्रश्न, "अक्का, अजून काही नाही गं." मीही आतून धास्तावले होते, पण तसं दाखवलं नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे सहाला फोन वाजला. इतक्या लवकर फोन वाजला की छातीत धस्स होतं. तिने फोटो पाठवला होता. भेगाळलेली कोरडी माती, पान एकही नाही, आणि मातीला टेकून उमललेलं पांढरं-जांभळं फूल.

मागोमाग तिचा आवाज. "अक्का, अख्ख्या जिन्यात वास आलाय. आईच्या परसासारखा. आता तरी पाणी घालू?"

"आता घाल," मी म्हटलं. "अर्धा तांब्या."

पुढच्या फेब्रुवारीत, झाड झोपेत असतानाच, ती गड्डे वेगळे करणार आहे. त्यातला एक बेळगावला परत येईल. माझी कुंडी तयार आहे, आणि यंदा चिठ्ठीही.