बारा तासांची ‘लेखी संमती’ नेमकी कुणाची?

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्याचे ठरले. त्यासाठी कामगाराची लेखी संमती घ्यावी, अशी अट आहे. म्हणजे कागदावर सक्ती नाही. मग आक्षेप कशाला?

मुक्त बाजाराचे समर्थक म्हणतात, दोघांनी राजीखुशीने केलेला व्यवहार नैतिकच असतो, तिसऱ्याने मध्ये पडू नये. हा युक्तिवाद आपण हसण्यावारी नेऊ नये. महार वतनात काम जन्माने ठरायचे आणि मोबदला गावाच्या मर्जीने. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे आपल्यातली कितीतरी घरे गाव सोडून पिंपरी, आकुर्डी, भोसरीला आली. ‘हे काम करणार नाही’ असे म्हणता येणे हीच त्यांची पहिली कमाई होती. म्हणून संमतीची किंमत आपल्याइतकी कुणाला कळणार?

पण ‘नाही’ म्हणता येत असेल, तरच ‘हो’ला अर्थ असतो. चाकणमध्ये आपली बरीच मुले ठेकेदाराकडे हेल्पर किंवा ट्रेनी म्हणून आहेत. खोलीचे भाडे, गाडीचा हप्ता, गावाकडे पाठवायचे पैसे, हे सगळे महिन्याच्या पगारावर. संमतीपत्रावर सही नाकारली तर उद्या गेटपास चालेल का, हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. पूर्वी १०० कामगार असले तरी कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागे. आता ती मर्यादा ३०० झाली आहे.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हेच सांगितले होते. सरकारचे नियंत्रण उठले की जमीनदाराला खंड वाढवण्याचे आणि भांडवलदाराला कामाचे तास वाढवण्याचे स्वातंत्र्य मिळते. सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात स्पष्ट केले की, पोटाच्या नाइलाजाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करावे लागणारे काम म्हणजे घटनेच्या कलम २३ नुसार वेठबिगारीच. म्हणजे भूक हीसुद्धा सक्ती आहे.

तथागतांनी व्यापार नाकारला नाही. सम्यक आजीविका सांगितली. सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये आहेत. त्यातले पहिलेच असे की, कामगाराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे. आजारपणात काळजी आणि वेळेवर सुट्टी हीही त्यातच येतात. बारा तास लाइनवर उभे राहून, दोन तास ट्रॅफिकमध्ये काढून आलेला तरुण वाचणार कधी आणि संघटनेच्या बैठकीला येणार कधी?

म्हणून मित्रांनो, कोऱ्या कागदावर सही करू नका. सही केलेल्या कागदाचा फोटो ठेवा. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो का आणि पीएफ भरला जातो का, ते पगाराच्या स्लिपवर तपासा. दर रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास या विषयासाठी द्या. आणि युनियनमध्ये या. एकट्याच्या सहीत नाइलाज असतो. शंभर जण एकत्र बसून अटी ठरवतात, तेव्हाच त्याला करार म्हणता येते.

जय भीम! नमो बुद्धाय!