इंटरफेस कागदावरचा आणि शाळेतला

शैक्षणिक प्रणालींसाठी सामायिक इंटरफेस लिहिणाऱ्या टीमची प्रगती कशी मोजायची? अहवालांत आवृत्त्यांचे आकडे असतात, दस्तऐवजांची पाने असतात. आमच्या मते मोजमाप एकच आहे. इंटरफेसच्या एका बाजूची प्रणाली काढून दुसरी बसवली आणि पलीकडच्या प्रोग्रॅममध्ये काहीच बदलावे लागले नाही, तर टीम पुढे गेली.

या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न 2001 साली एमआयटीच्या पुढाकाराने आणि मेलन फाउंडेशनच्या मदतीने सुरू झाला. त्याचे नाव ओपन नॉलेज इनिशिएटिव्ह. लॉगिन, अधिकार, साहित्याचे भांडार, मूल्यमापन अशा प्रत्येक सेवेची व्याख्या त्यांनी ओएसआयडी या नावाने लिहिली. पण सर्वांची सोय व्हावी म्हणून प्रश्नाचा किंवा साहित्याचा आतला तपशील मोकळा ठेवला गेला. मग एकमेकांशी जोडून घेणाऱ्या टीमना तो आपसांत वेगळा ठरवावा लागे आणि खरा करार इंटरफेसच्या बाहेरच राही. विद्यापीठांनी मिळून उभारलेल्या साकाई या अध्ययन-प्रणालीच्या प्रकल्पाला 2004 मध्ये ओएसआयडींचा आधार हवा होता, तरी त्याने पुढे स्वतःचेच एपीआय लिहिले.

शिक्षणाची साधने एकमेकांना जोडण्यासाठी 2010 मध्ये आलेल्या एलटीआय या मानकाने उलटी वाट धरली. विद्यार्थी कोण, त्याची भूमिका काय, तो कोणत्या वर्गातून आला, एवढेच सांगणारी सही केलेली विनंती एका प्रणालीने दुसरीकडे पाठवायची. गुण परत पाठवण्याची सोय नंतर आली. करार लहान होता, तो पाळला जातो की नाही हे तपासणाऱ्या चाचण्या सोबत होत्या, म्हणून तो पसरला.

तरीही ओएसआयडींचे काम वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही आणि याचा पुरावा मुंबईशी जोडलेला आहे. टाटा समाजविज्ञान संस्था, एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांनी क्लिक्स हा डिजिटल शिक्षणाचा उपक्रम राजस्थान, तेलंगण, छत्तीसगड आणि मिझोराम इथल्या सरकारी माध्यमिक शाळांत नेला. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र त्याच्या प्लॅटफॉर्मवर काम करत होते. या शाळांत इंटरनेटचा भरवसा नव्हता, म्हणून सगळे शाळेतल्याच सर्व्हरवर चालायला हवे होते. प्रश्नपेढीसाठी एमआयटीच्या टीमने ओएसआयडींवर बेतलेली डीएलकिट ही पायथन लायब्ररी वापरली आणि शाळेच्या यंत्रासाठी हलकी आवृत्ती काढली. मोठ्या डेटाबेसच्या जागी साध्या फाइली आल्या, मूल्यमापनाचा इंटरफेस मात्र तोच राहिला. क्लिक्सला 2017 चा युनेस्को पुरस्कार मिळाला याचा आनंद आहेच. आमच्या व्यवसायाने मात्र या अदलाबदलीची दखल जास्त घ्यायला हवी होती.

बालभारतीच्या पुस्तकांवरचा क्यूआर कोडही याच जातीचा. छापलेला कोड बदलत नाही, पण दीक्षा या सरकारी डिजिटल मंचावर त्यामागचे साहित्य बदलता येते.

आता महाराष्ट्रातल्या टीमना एक आग्रहाची विनंती. पुढची आवृत्ती काढण्याआधी चाचणी-संच खुला करा आणि त्यात आपल्याकडची खरी माहिती घाला. नावाचेच पाहा. एलटीआय 1.3 ओळख पटवण्याच्या ज्या ओपनआयडी कनेक्ट मानकावर उभे आहे, तिथे नाव, मधले नाव आणि आडनाव असे खाने आहेत. राज्य सरकारच्या निर्णयानुसार 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचे नाव सरकारी कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहायचे आहे. मधल्या एका खान्यात दोन नावे कोंबायची की नवे खाने काढायचे? एका प्रणालीने एक केले आणि दुसरीने दुसरे, तर एकाच मुलाच्या दोन नोंदी तयार होतील आणि त्या जुळवण्याचे काम शिक्षकांच्या माथी येईल. ही मुले 2030 च्या सुमारास पहिलीत येतील. त्यांच्या नावांचे नमुने चाचणी-संचात याच वर्षी जायला हवेत.